आदरार्थी बहुवचन

वर्षभर मी शाळेत व्याकरण शिकवते
आणि मे महिन्यात, मेकोसाबागेतल्या चर्चच्या मागच्या खोलीत,
सुट्टीच्या बायबल वर्गाचे बावीस पोट्टे सांभाळते.
बाहेर शेहेचाळीस. आत एक कूलर.
त्याला तासाला दोन बादल्या लागतात
आणि त्या सुकराम आणतो.

"ए सुकराम, पाणी संपलं!"
शिलास ओरडला, वय वर्षं सात.
मी खडू उचलला. म्हटलं, मोठ्या माणसाशी
असं बोलतात का? अहो म्हणावं. तुम्ही म्हणावं.
फळ्यावर लिहिलंसुद्धा: आदरार्थी बहुवचन.
माणूस एकच, पण क्रियापद अनेकांचं.
तो आला नाही, ते आले.

नहेम्यानं हात वर केला.
त्याचे पुढचे दोन दात पडलेत,
त्यामुळे प्रश्नातून वारा येतो.
"टीचर, देवाला तर आपण तू म्हणतो.
सकाळी प्रार्थनेत तुम्हीच म्हणालात,
प्रभू, तू आमच्याजवळ ये.
मग देव काय सुकरामपेक्षा लहान आहे?"

बावीस पोट्टे माझ्याकडे बघत होते.
कूलर कोरडाच खडखडला.
मी म्हटलं, चला, नाटकाची तालीम.

नाटक साधं होतं. शेवटचं भोजन,
गंगाळ, कमरेला पंचा, शिष्यांचे पाय.
येशू व्हायला सगळे तयार,
पेत्र व्हायला कोणी नाही,
कारण पेत्राला बूट काढावे लागतात.
शेवटी एकानं काढले, तर आत
पावडर लावलेले गोरेगोमटे पाय.
"ह्यात धुवायचं काय?" नहेम्या म्हणाला
आणि उठून बाहेर गेला.

परत आला तेव्हा त्याच्या मुठीत
सुकरामचं एक बोट होतं.

पारशिवनीकडून कधीकाळी चालत आलेले पाय.
टाचांना भेगा, भेगांत काळी रेघ,
डाव्या अंगठ्याला नख नाही.
सकाळपासून नळ ते कूलर, कूलर ते नळ,
तापल्या फरशीवरून अनवाणी,
कारण ओल्या चपलेनं घसरायला होतं.

"नाही जी, राहू द्या जी," तो मागे सरकला,
"तुम्ही नका करू जी माझं असं."
सात वर्षांच्या पोराला तुम्ही.
पेत्राचं वाक्य मी कागदावर लिहून दिलं होतं,
पाठ कोणाचंच झालं नव्हतं.
याला ते न वाचता येत होतं.

नहेम्या खाली बसला. अर्धं पाणी फरशीवर.
मागे दोघं फिदीफिदी हसले, शिलासनं नाक दाबलं.
"काका, थांब ना," नहेम्या म्हणाला,
"गुदगुल्या नाही करत. दुसरा पाय दे."

थांब. दे.
आज्ञार्थ, एकवचन, धडधडीत.
मी तोंड उघडलं आणि मिटलं.
तो तू खालून वर बोलला गेला होता,
फरशीवर गुडघे टेकून.

सोमवारी शिलास पुन्हा ओरडलाच, "ए सु..."
आणि जीभ चावून गप्प बसला.
मी त्याला काही बोलले नाही.
मला एव्हाना आठवू लागलं होतं,
अकरा वर्षं मी स्वतः काय म्हणत आले:
अरे सुकराम, खुर्च्या लाव.
अरे सुकराम, कुलूप लाव.
दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाई ओतणारी मी.

दुपारी कूलर पुन्हा कोरडा पडला.
मी दारात जाऊन उभी राहिले. हाक घशात अडली,
मग चोरासारखी बाहेर आली:
"अहो सुकरामजी, जरा येता का?"

अंगणात त्याच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं.
तरी त्यानं बादली खाली ठेवली
आणि मागे वळून पाहिलं,
मी कोणाला बोलावतेय ते.

मग ते आले.